उसाचा रस की कोला?

दादर स्टेशनबाहेर उन्हात घसा कोरडा पडला की एका हाताला रसवंती असते, दुसऱ्या हाताला थंड बाटल्यांचा फ्रीज. रस नैसर्गिक म्हणून बिनधास्त प्यावा, असं बहुतेकांना वाटतं. साखरेच्या बाबतीत ते खरं नाही. 300 मिली कोलामध्ये साधारण 32 ग्रॅम साखर असते आणि तेवढ्या रसातही कमी नसते, उलट बऱ्याचदा जास्तच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 50 ग्रॅमच्या आत, जमल्यास 25 ग्रॅमच, असं सांगते.

दातांचं गणित मात्र वेगळं. एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, साधारण 5.5 पीएचच्या खाली विरघळू लागतं; पीएच जितका कमी, तितकं पेय जास्त आम्लयुक्त. कोलाचा पीएच 2.5च्या आसपास, त्यामुळे त्यातलं फॉस्फोरिक आम्ल थेट दात झिजवतं. शुगर-फ्री बाटलीही यातून सुटत नाही. रस इतका आंबट नसतो, पण लिंबू पिळलं की आंबटपणा वाढतो, आणि साखरेवर तोंडातले जंतू आम्ल तयार करतातच.

मी रसाच्या बाजूने. तोही अर्धा ग्लास, बिनबर्फाचा, कधीतरीच. वर साध्या पाण्याची चूळ भरा. लगेच ब्रश मात्र करू नका, मऊ झालेलं एनॅमल घासलं जातं.