टॅबवर पायथन: पायड्रॉइड की टर्मक्स?

लासलगावच्या कांदाभावांचा आलेख काढायचा म्हणून नाशिकरोडला भाचीच्या अँड्रॉइड टॅबवर पायथन ही प्रोग्रामिंग भाषा चालवणारी ही दोन्ही अ‍ॅप्स वापरून पाहिली.

पायड्रॉइड ३ मध्ये मेनूतून पिप (पायथनच्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, उतरवून घ्यायचं साधन) उघडायचं, मॅटप्लॉटलिब (आलेख काढायची लायब्ररी) लिहायचं, बटण दाबायचं. आधीच बांधून ठेवलेली लायब्ररी उतरते. फक्त त्यासाठी त्यांचं रिपॉझिटरी प्लगइन हे जोड-अ‍ॅप वेगळं टाकावं लागतं.

टर्मक्समध्ये सगळं कमांड टाइप करून. तिथे नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीसाठी 'पिप इन्स्टॉल नमपाय' दिलं की ते ती सोर्सपासून कंपाइल करायला, म्हणजे मूळ कोडपासून टॅबवरच बांधायला बसतं. टॅब तापला, पडदाभर चुकांची लाल अक्षरं आली, भाचीचा चेहरा पडला. त्याऐवजी टर्मक्सची स्वतःची 'पीकेजी इन्स्टॉल पायथन-नमपाय' ही कमांड द्या, तयार पॅकेज मिळतं. नव्या मुलांना हे आधीच सांगायला हवं, नाहीतर ती तिथेच सोडून देतात.

गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), एसएसएच (दुसऱ्या संगणकाला सुरक्षित जोडणी) हवं असेल तर मात्र टर्मक्सच घ्या. भाचीच्या टॅबवर मी पायड्रॉइड ठेवलं.