पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिससाठी घेतलेली बॅग-सेवा: लुदेआकमधील दोन रात्री

ऑगस्ट 2023 मध्ये नाशिकहून आम्ही सहा जण पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या 1219 किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब सायकलफेरीसाठी, फ्रान्सला गेलो होतो. सहाही जण नोकरी-व्यवसाय सांभाळून सायकल चालवणारे आहोत. त्या वेळी एका परदेशी कंपनीकडून आम्ही निवास, विमानतळावरून ने-आण, सायकलचे रिकामे खोके सांभाळणे आणि वाटेत लुदेआक या गावी आमची एकेक बॅग पोहोचवणे, अशी एकत्रित सेवा घेतली होती. 2027 च्या आवृत्तीची तयारी करणारे अनेक जण सध्या अशाच सेवांची चौकशी करत आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. अशा सेवा पुरवणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत आणि दर वेळी त्यांची माणसे व जागा बदलतात, त्यामुळे कंपनीचे नाव देण्यापेक्षा तिच्याकडून काय विचारून घ्यावे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

या ब्रेव्हेची रचना लक्षात घेतल्याशिवाय बॅग-सेवेचे मोल कळत नाही. ती 1891 मध्ये प्रथम शर्यत म्हणून झाली आणि 1931 पासून हौशी सायकलस्वारांसाठी स्वतंत्रपणे होऊ लागली. आज तिचे आयोजन ऑदाक्स क्लब पारिझियाँ ही संस्था चार वर्षांतून एकदा करते आणि तिच्यात क्रमांक काढले जात नाहीत. आमच्यासारखे बहुतेक जण 90 तासांची मुदत घेतात. झोप, जेवण, रांगा आणि पंक्चर धरून ताशी साधारण साडेतेरा किलोमीटरचा वेग राखावा लागतो, आणि सुमारे 12 हजार मीटरची चढाई त्यातच करायची असते. कोणाचीही खासगी मदतीची गाडी सायकलस्वाराच्या मागे मार्गावर धावू शकत नाही. मदत घ्यायची ती कंट्रोलवरच, म्हणजे वाटेतल्या ठरलेल्या नोंदणी-थांब्यांवरच. त्यामुळे जे अंगावर आणि सायकलवर बांधले आहे त्याव्यतिरिक्त काही हवे असेल, तर ते आधीच कुठेतरी ठेवलेले असावे लागते. लुदेआक जाताना सुमारे 435 व्या आणि परतताना सुमारे 780 व्या किलोमीटरला लागते, म्हणजे एकच बॅग दोनदा हाती येते. संध्याकाळच्या तुकडीत निघणाऱ्यांना तर या दोन्ही भेटी रात्रीच होतात. संपूर्ण पॅकेजचा खरा कस याच दोन रात्री लागतो, असे माझे ठाम मत आहे.

हॉटेल, बस आणि खोक्यांची व्यवस्था चोख होती. ब्रेव्हे जिथून सुटली त्या रांबुये गावापासून हॉटेल वीसेक किलोमीटरवर होते. तिथे मोजकीच हॉटेले असल्याने ती फार लवकर भरतात, तेव्हा या अंतराबद्दल माझी तक्रार नाही. सायकल तपासणीच्या दिवशी कंपनीच्या माणसाने आमचे पुढचे-मागचे दिवे आणि परावर्तक जाकिटे एकदा स्वतः पाहून घेतली. त्यामुळे राजवाड्याच्या उद्यानातील राष्ट्रीय मेंढीपालन केंद्रात, जिथे नोंदणी आणि तपासणी होती, तिथे आमच्यापैकी कोणाचाही खोळंबा झाला नाही.

बॅग शनिवारी संध्याकाळी द्यायची होती. माझी निळी बॅग इतरांसारखीच दिसणारी होती, म्हणून आईने तिच्या बंदाला आपल्या जुन्या नऊवारीची हिरवी पट्टी तीन गाठी मारून शिवली होती. आत दोन जोड सायकलचे कपडे, मोजे, मलम, दिव्यांच्या बॅटऱ्या, पातळ स्वेटर आणि खाण्याचा डबा होता. भारतातून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, हे सहप्रवाशाने वेळीच सांगितल्यामुळे दशम्यांचा बेत सोडून तेलाच्या मोहनाच्या गूळपोळ्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी नेली होती. शाकाहारी माणसाला कंट्रोलवर पास्ता, बटाट्याचा लगदा, दूधभात आणि पाव मिळतो. पोट भरते, पण दुसऱ्या दिवसापासून गोडसर, मवाळ चवीचा वीट येतो आणि खाणे घशाखाली उतरत नाही. खाणे थांबले की पाय थांबतात, हे लांब ब्रेव्हे केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

सोमवारी रात्री साडेअकराच्या सुमारास आम्ही लुदेआकला पोहोचलो. कंपनीची जागा कंट्रोलपासून चालत पाच मिनिटांवरच्या एका सभागृहात होती. दारात बसलेल्या बाईंनी माझ्या सायकलवरील क्रमांक दुरूनच वाचला आणि मी हेल्मेट काढेपर्यंत बॅग समोर आणून ठेवली. बॅगा क्रमांकानुसार ओळीने मांडलेल्या होत्या. कोणत्या गादीवर कोण झोपले आहे आणि त्याला किती वाजता उठवायचे, हे त्या एका तक्त्यावर खडूने लिहीत होत्या. मी अंघोळ केली, चटणीबरोबर दोन गूळपोळ्या खाल्ल्या आणि अडीच तास झोपलो. सांगितलेल्या वेळेला कोणीतरी खांद्याला हलकेच हात लावून उठवले आणि हातात गरम कॉफीचा पेला दिला. कोरडे मोजे पायात चढवताना जे वाटले, ते शब्दांत मांडणे अवघड आहे. ब्रिटनी प्रांतात ऑगस्टमध्येही पहाटे चांगलाच गारठा असतो, आणि घामाने ओले कपडे घालून मों दारेच्या डोंगररांगेकडे निघणे वेगळे व कोरड्या कपड्यांत निघणे वेगळे. मंगळवारी दुपारी आम्ही ब्रेस्टला पोहोचलो ते या रात्रीच्या जोरावरच.

परतीच्या रात्रीचा अनुभव मात्र वेगळा होता. बुधवारी पहाटे दोनच्या सुमारास पुन्हा त्याच सभागृहात आलो, तेव्हा पाळी बदललेली होती. जाताना लोकांनी परत केलेल्या बॅगा पुन्हा क्रमांकाने मांडल्याच नव्हत्या. त्या भिंतीलगत एकावर एक रचलेल्या होत्या. दारातल्या तरुणाने नम्रपणे माफी मागितली आणि तोही आमच्याबरोबर शोधू लागला, पण मला बॅग सापडायला पस्तीस मिनिटे लागली. अखेर ढिगातून डोकावणाऱ्या हिरव्या पट्टीमुळे ती दिसली. त्या वेळी हाताशी दोन तासांची झोप होती. तिच्यातली पस्तीस मिनिटे अशी गेली. आमच्यातल्या एकाला बॅग शेवटपर्यंत मिळाली नाही आणि तो तसाच, ओल्या मोज्यांवर, तँतेनिआककडे निघाला. फुजेरपर्यंत त्याच्या टाचा सोलून निघाल्या. त्याने ब्रेव्हे मुदतीत पूर्ण केली, पण ते त्याच्या जिद्दीचे आणि विलेन-ला-ज्युएलमध्ये पायाला पट्टी बांधून देणाऱ्या स्वयंसेविकेचे श्रेय आहे, सेवेचे नव्हे. जी सेवा मुख्यतः परतीच्या थकलेल्या रात्रीसाठी विकत घ्यायची, तिची मांडणी नेमकी त्याच रात्री ढासळावी, हा दोष मला गंभीर वाटतो.

दुसरा दोष बॅगा परत मिळण्याचा. करारात गुरुवारी दुपारी हॉटेलवर असे लिहिले होते. प्रत्यक्षात त्या रात्री दहाला आल्या. दोघांचे विमान शुक्रवारी सकाळचे होते आणि सायकल खोक्यात भरायची हत्यारे त्यांनी त्याच बॅगेत ठेवली होती, त्यामुळे ते दोघे पहाटेपर्यंत जागे राहिले. हत्यारे वाटेतल्या बॅगेत ठेवू नयेत, हे आम्हाला आधी सुचायला हवे होते हे खरे. पण उशीर होणार असल्याचा साधा निरोपही कंपनीने दिला नाही.

एवढे होऊनही ही सेवा घेऊ नये असे मी म्हणणार नाही. या वाटेवर गावकरी रात्री-अपरात्री दारात टेबल मांडून पाणी, कॉफी आणि घरचे केक देतात आणि मुलांना घेऊन टाळ्या वाजवत उभे राहतात. तो स्नेह पाहून माझे डोळे अनेकदा भरून आले. पण कोरडे कपडे आणि झोपायची हमखास जागा यांसाठी त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही. आमच्या पॅकेजमध्ये बॅगेचा आणि गादीचा वाटा जेमतेम एक चतुर्थांश होता, आणि मला तर पुन्हा गेलो तर हॉटेल साधे घेऊन तेवढाच भाग अधिक चांगल्या ठिकाणी घ्यावासा वाटतो. पैसे भरण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारावे की तिची जागा कंट्रोलपासून नेमकी किती मीटरवर आहे, ती बुधवारी पहाटे किती वाजेपर्यंत उघडी राहील, आणि जाताना परत केलेल्या बॅगा पुन्हा कोण व कशा मांडणार. ओले कपडे वाळवायला दोरी किंवा जागा आहे का, हेही विचारावे, कारण बंद बॅगेत जवळपास एक दिवस राहिलेले ओले कपडे परतीच्या वेळी घालण्याजोगे नसतात. आमच्या सभागृहात अशी सोय नव्हती.

2027 साठी विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट त्याहीआधी ध्यानात घ्यावी. आदल्या वर्षी जितक्या लांबीची ब्रेव्हे पूर्ण केली असेल, तितकी लवकर पूर्वनोंदणीची संधी मिळते, आणि प्रत्यक्ष पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसच्या वर्षी पुन्हा 200, 300, 400 व 600 किलोमीटरच्या ब्रेव्हेंची मालिका पूर्ण करावीच लागते. निवासाची आणि बॅगेची आगाऊ रक्कम भरताना, पात्रता हुकल्यास किती पैसे परत मिळतील हे करारातून वाचून घ्यावे. आमच्या सोबत येणार असलेल्या सातव्या मित्राची 600 ची ब्रेव्हे जूनमध्ये वळवाच्या पावसात हुकली, तेव्हा या कंपनीने कोणतीही खळखळ न करता त्याची ऐंशी टक्के रक्कम पंधरा दिवसांत परत केली होती.