आयसीयूतून परतलेल्या बाळासाठी ‘डासी’ चाचणी : बडोद्याचंच माप, पण कुठवर?

‘डासी’ म्हणजे बाळाचा विकास वयाच्या मानाने किती झालाय हे मोजणारी चाचणी, आणि ती आपल्या बडोद्याचीच. सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांच्या संशोधनातून ती उभी राहिली. हालचालींचे 67 आणि बौद्धिक विकासाचे 163 घटक, वय 30 महिन्यांपर्यंत. हिशेब सरळ आहे: 20 महिन्यांचं बाळ 15 महिन्यांच्या पातळीवर असेल तर गुणांक 75. 70 किंवा खाली आला तर विलंब मानून उपचार लगेच सुरू करावेत.

गफलत होते ती वेळेची. व्हेंटिलेटरवरून उठलेल्या बाळाचे स्नायू दुबळे असतात, त्यामुळे घरी आल्या आल्या चाचणी केली तर हालचालींचा गुणांक उगाच घसरतो. ताकद परतू द्या आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजून घ्या. बाळ वेळेआधी, 40 ऐवजी 32 आठवड्यांनी जन्मलं असेल तर वयातून 8 आठवडे वजा केलेत ना, हे विचाराच. तपासणारी व्यक्ती गुजराती बोलणारी असेल तर ‘मम्म’, ‘भूर’ हे बाळाचे शब्द आधीच सांगून ठेवा, नाहीतर बोलण्याचे गुण हकनाक जातात.

चाचणी उत्तम आहे, आमचा तिच्यावर भरवसा आहे. पण गंभीर आजारानंतर लक्ष न टिकणं, विसरभोळेपणा, चिडचिड या अडचणी पुष्कळदा बालवाडीत किंवा शाळेत उघड होतात आणि तोवर ‘डासी’चं वय उलटलेलं असतं. चांगला गुणांक मिळाला म्हणून फाइल बंद करू नका. शाळेत घालण्याआधी बालमानसतज्ज्ञाकडून लक्ष, स्मरण आणि वर्तन वेगळं तपासून घ्या. कान-डोळ्यांची तपासणीही राहू देऊ नका.