'कोबाल्ट ब्लू' : शहापुरातल्या चौघींचं मत

बेळगावातल्या शहापूरला माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुपारी दोननंतर गिऱ्हाईक थांबतं, तेव्हा हात मशीनवर असतात आणि कान मोकळे. गेल्या पावसाळ्यात त्या वेळात आम्ही चौघींनी मिळून सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी पूर्ण केली. वाचायची माझी भाची. ऐकायला मी, शेजारच्या वैनी आणि वडगावहून मागावरच्या साड्यांचे गठ्ठे घेऊन येणाऱ्या आक्का. आक्कांनी जन्मात कादंबरी हातात घेतलेली नाही.

मौज प्रकाशनानं २००६ साली काढलेलं हे पुस्तक मला कडोलीच्या साहित्य संमेलनातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर मिळालं होतं. घेतलं ते नावातल्या रंगामुळे. त्या निळ्याचं रीळ माझ्या डब्यात कायम असतं, आणि त्याला नेमकं जुळणारं कापड वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच येतं.

गोष्ट पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरातली. त्यांच्याकडे एक तरुण पेइंग गेस्ट राहायला येतो. आईवडील नसलेला, चित्रं काढणारा. त्याचं नाव पुस्तकभर कुठे येत नाही. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो, त्याची बहीण अनुजाही पडते. एक दिवस तो अनुजाला घेऊन निघून जातो आणि पुढे तिलाही सोडून जातो. अर्धं पुस्तक तनय सांगतो, अर्धं अनुजा. यात मी रहस्य फोडलं असं समजू नका. हे लवकरच कळतं, आणि पुस्तकाचा जीव त्यात नाहीच.

आता आक्कांचं सांगते. आमच्या बेळगाव भागात बायका बोलताना 'मी आलो, मी बसलो' असंच म्हणतात. मी इथे 'वाचते, सांगते' लिहितेय, पण तोंडानं 'सांगतो' असंच येतं. त्यामुळे भाची तनयचा भाग वाचत होती, तो 'मी थांबलो, मी रडलो' म्हणत होता, आणि आक्का धरून चालल्या होत्या की बोलणारी मुलगीच आहे. नावही त्यांनी तनया असं ऐकलं. चार दुपारी त्या डोळे पुसत ऐकत होत्या. "पोरीनं आईजवळ तरी बोलायचं की गं," असं मधेमधे म्हणायच्या. पाचव्या दिवशी वैनींनी सांगितलं, आक्का, तो मुलगा आहे. मशीन थांबवून मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी गठ्ठ्याची गाठ सोडली, परत बांधली, आणि म्हणाल्या, "मग तर आईजवळ बी बोलता येत नसंल त्याला." पुढचं वाच म्हणाल्या.

या पुस्तकाबद्दल मला जे सांगायचंय ते आक्का एका वाक्यात बोलून गेल्या. अनुजा परत येते तेव्हा घर हादरतं. तिच्यावर रागावतात, तिची काळजी करतात, तिच्यासाठी धावपळ होते. तिचं दुःख सगळ्यांना दिसतं तरी. तनय त्याच घरात, त्याच माणसासाठी झुरतोय, आणि त्याच्या ताटात वाढणाऱ्या आईला त्याचा पत्ता नाही. बहिणीला धीर देताना स्वतःचं काय गेलं ते त्याला उच्चारता येत नाही. मी सासरी असताना एक मरण असं गुपचूप सोसलंय, त्यामुळे ती पानं मला फार लागली. त्यावर जास्त लिहीत नाही.

वैनींना तनयचा राग आला. सांगून मोकळा का होत नाही म्हणून. तेव्हा भाचीनं सांगितलं की पुस्तक आलं त्या वेळी असं प्रेम कायद्यानं गुन्हा होतं. सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला निकाल दिला तेव्हा ते बदललं. बारा वर्षं मधे. वैनी गप्प झाल्या, पण अनुजाला एकटीला टाकून जाणाऱ्या त्या चित्रकाराला त्यांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही. मीही केलेलं नाही.

भाची इंग्रजी माध्यमातली. मराठी घरी बोलते, वाचताना जोडाक्षरांना अडखळते. तिनं आधी जेरी पिंटोंचं २०१३ चं इंग्रजी भाषांतर वाचलं होतं, तिच्या कन्नड मैत्रिणीबरोबर. तिचं म्हणणं, इंग्रजीत तनय त्याला ज्या शब्दानं हाक मारतो तोच शब्द बसच्या कंडक्टरलाही चालतो. मराठीत पहिल्याच पानापासून 'तू' आहे. त्या 'तू'मध्ये किती जवळीक आहे ते तिला मोठ्यानं वाचताना कळलं. अनुजाच्या भागात तो 'तू' जाऊन 'तो' येतो. एका शब्दात माणूस लांब गेला. यासाठी तरी मूळ मराठीतच वाचा, हळू का होईना.

कमी वाटलं ते अनुजाच्या भागात. मुलगी धीट आहे, डोंगर चढणारी, स्वतःचं चालवणारी. तिच्या रागाला अजून जागा हवी होती. आईवडीलही लांबूनच दिसतात. लेखकांनीच केलेला सिनेमा २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. त्यात गोष्ट केरळात नेली आहे. रंग सुंदर आहेत, पण मला ते पुण्यातलं बंद घर हवं होतं. सिनेमा आधी बघू नका.

सगळं मिळून आम्हाला पंधरा दुपारी लागल्या. एकट्यानं एका रात्रीत संपेल एवढंच पुस्तक आहे. आक्का परवा गठ्ठा ठेवताना विचारत होत्या, त्या पोराचं पुढं काय झालं ते कुठं लिवलंय का. नाही म्हटल्यावर तनयचाच भाग परत लावायला सांगितला आहे. म्हणून प्रत सध्या दुकानातच आहे. शहापूर-वडगावात कुणाला हवी असेल तर दसऱ्यानंतर देईन.