कुत्रे पळवायचं अल्ट्रासॉनिक मशीन – चार महिने वापरल्यावर

सकाळी फिरायला जाताना दोनदा कुत्री अंगावर आली म्हणून हे हातात धरायचं छोटं मशीन घेतलं. बटण दाबलं की आपल्याला ऐकू न येणारा आवाज निघतो, माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त.

आता खरं सांगते, लांबून नुसतं भुंकणारं कुत्रं थबकतं, कधी कधी वळून निघूनही जातं, पण एकदा तीन कुत्री चवताळून जवळ आली तेव्हा काहीच फरक पडला नाही, आणि म्हातारं, कमी ऐकू येणारं कुत्रं असेल तर विषयच संपला. बॅटरी उतरलीये हे कळायलाही काही सोय नाही, हे मला फार खटकलं, कारण ऐन वेळी बटण दाबून आपण नुसतेच उभे! पाचपैकी दोन स्टार.

त्या दिवशी मला वाचवलं ते छत्रीने. पळाले नाही, डोळ्यात डोळे घातले नाहीत, जरा तिरकी उभी राहिले, छत्री उघडून मधे धरली आणि हळूहळू मागे सरकले. पळालो की कुत्रं हमखास मागे लागतं हो.

आणि दात लागलाच तर, ओरखडा का असेना, जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रेबीजच्या लसीबद्दल विचारा. हळद, तिखट काही लावत बसू नका प्लीज.