जुन्या लोडरचा डिफरेन्शियल: खोललेल्या मशीनचा घ्यावा, की आपलाच उभा करावा?

पन्नास-साठ वर्षांचं मशीन दारात आहे, इंजिन अजून गुणी आहे, पण ॲक्सलमधल्या डिफरेन्शियलचे, म्हणजे इंजिनचा जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीचे, दाते वाजायला लागलेत किंवा पिनियनच्या, म्हणजे शाफ्टकडून जोर आत आणणाऱ्या लहान गिअरच्या, बाजूने खरखर येतेय. इथवर आलेल्या माणसापुढे खरे रस्ते दोनच उरतात. एक म्हणजे तसंच दुसरं मशीन कुठेतरी खोलून विकायला काढलेलं असतं, त्याचा अख्खा नग उचलून बसवायचा. दुसरा म्हणजे आपलंच हाऊसिंग (गिअरचं ओतीव घर) टेबलावर घ्यायचं आणि बेअरिंग, सील, शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या), लागलाच तर एखादा गिअर, असं एकेक करत तेच पुन्हा उभं करायचं. मी दोन्ही केलंय, एकाच लोडरच्या एकाच पुढच्या ॲक्सलवर. त्यामुळे ठरवताना कुणाला उपयोग झाला तर व्हावा म्हणून लिहितोय.

मूळ कंपनीकडून नवा नग हा तिसरा रस्ता आहे, पण त्यावर फार वेळ घालवू नका. एक फोन मात्र जरूर करा, आणि तो मशीनच्या रंगावर जाऊन नव्हे, तर गिअरबॉक्सवरची पाटी वाचून करा. त्या काळात बॉनेटवर नाव एकाचं आणि आतली ड्राइव्हलाइन (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतची यंत्रणा) दुसऱ्याची, हे सर्रास होतं. क्लार्क कंपनीचं २८००० सिरीजचं ट्रान्समिशन, म्हणजे गिअरबॉक्स, कितीतरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या लोडरमध्ये बसलेलं आहे. पुढे या कंपन्यांचीही घरं बदलली. ॲलिस-चाल्मर्सची बांधकामाची यंत्रं १९७४ मध्ये फियाट-ॲलिस झाली. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा तो विभाग १९८२ मध्ये ड्रेसरकडे गेला आणि १९८८ पासून कोमात्सुबरोबरच्या भागीदारीत. क्लार्कचा ॲक्सल-ट्रान्समिशनचा धंदा १९९७ मध्ये डेनाने घेतला, आणि त्याच वर्षी रॉकवेलचे ॲक्सल मेरिटर या नव्या नावाखाली आले. म्हणून ‘अमुक लोडरचा पार्ट आहे का’ असं विचारलं की समोरचा ‘नाही’ म्हणतो, आणि पाटीवरचा मॉडेल नंबर व सिरियल नंबर वाचून दाखवला की तोच माणूस कॅटलॉग उघडतो. गॅस्केट, सील, क्लचच्या प्लेटा अशा रस्त्याने अजून मिळतात. क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरेन्शियलमधला मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा लहान, ही जोडी विचारलीत तर बहुतेक वेळा ‘बंद झालं’ एवढंच ऐकायला मिळेल. मला तरी तेच मिळालं.

आता खोललेल्या मशीनचा माल. याची बाजू मजबूत आहे आणि ती मी आधीच मान्य करतो. अख्खा डिफरेन्शियल एकदम येतो. जुना उतरवायचा, नवा चढवायचा, तेल भरायचं, काम संपलं. लोखंड त्या काळचंच असतं, कार्ब्युरायझिंग नीट झालेलं, दात्यांना पुरेशी कडक साल असलेलं. आणि काही वस्तू अशा आहेत की त्यांना दुसरा पर्यायच नाही. हाऊसिंगला तडा गेला असेल, प्लॅनेटरी हबचं (चाकाच्या मध्यातल्या गिअरच्या जोडणीचं) घरच फुटलं असेल किंवा टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागाची) आतली पाती गेली असतील, तर खोललेल्या मशीनचाच नग शोधा. तिथे दुरुस्तीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

माझं बिनसलं ते एका नंबरवरून.

माझ्या पुढच्या ॲक्सलचा पिनियन बेअरिंग गेला होता. त्यामुळे बॅकलॅश (दात्यांमधला मोकळा हाल) वाढून क्राऊनच्या दोन-तीन दात्यांच्या कडा उडाल्या होत्या. मी हाऊसिंगवरचा उठावाचा नंबर लिहून घेतला आणि शोध सुरू केला. महिन्याभरात खोललेल्या एका मशीनचा डिफरेन्शियल मिळाला. विकणाऱ्याने फोटो पाठवला, नंबर आकड्याला आकडा जुळला. आलेला नग स्वच्छ होता, हाताने फिरवला तर लोण्यासारखा फिरत होता. मी बसवला. भुसभुशीत मातीत मशीन असं चाललं की मला वाटलं, एवढे दिवस उगाच घालवले.

मग कडक जमिनीवर काम आलं. दोन दिवसांत पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत फिरणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांध्यातला अधिक-चिन्हासारखा तुकडा) गेला. मी म्हटलं, क्रॉस जुना होता. नवा घातला, ग्रीस दिलं, तोही गेला, आणि या वेळी योकला (क्रॉसला धरणाऱ्या चिमट्याला) निळसर छटा आली होती, इतका तो तापला होता. मग मी क्रॉसच्या दर्जावर संशय घेतला आणि दुसऱ्या कंपनीचा आणला. शाफ्टचे दोन्ही योक एका रेषेत आहेत का ते तपासलं, होते. इंजिन माउंटिंग खचलंय का पाहिलं, खचलं नव्हतं. या सगळ्यात पुढचे टायर असे घासले गेले की कानशीने तासल्यासारखे दिसायला लागले. टायर बघितले तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

उठावाचा नंबर हा ओतकामाचा नंबर असतो, पार्ट नंबर नव्हे. तो साच्यातून निघालेल्या कच्च्या घराची ओळख सांगतो. त्या घरात कारखान्यात नंतर काय बसवलं, हे तो सांगत नाही. एकाच साच्याच्या हाऊसिंगमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या रेशोचे (दात्यांच्या प्रमाणाचे) क्राऊन-पिनियन बसायचे, मशीन कोणत्या कामासाठी आणि केवढ्या टायरसाठी गेलं त्यावर. मी झाकण काढून दाते मोजले. माझ्या मागच्या ॲक्सलला क्राऊनला ३७ आणि पिनियनला ६. नव्या आलेल्या पुढच्याला ४१ आणि ७. भागाकार केला तर एक ६.१७ आणि दुसरा ५.८६. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो. पण माझ्या लोडरमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच ट्रान्समिशनच्या शाफ्टला सरळ जोडलेले आहेत, मधे डिफरेन्शियल नाही, मागचा ॲक्सल सोडायची सोयही नाही. म्हणजे दर शंभर मीटरमागे पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा पाच मीटर जास्त जायचं होतं. मातीत ते पाच मीटर घसरून निघतात. कडक जमिनीवर घसरायला जागा नसते, सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो, आणि सगळ्यात कमकुवत कडी म्हणजे क्रॉस, तो तुटतो.

विकणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याने फसवलं नाही, तो खरंच त्या नंबरवर विश्वास ठेवून होता. मी तक्रार केली तेव्हा त्याने तोच फोटो पुन्हा पाठवला. माझी खरी अडचण हीच आहे. खोललेल्या मशीनच्या मालात ओळख पटवायचं ओझं संपूर्ण घेणाऱ्यावर असतं, आणि ओळख पटते ती नग हातात आल्यावर, बऱ्याचदा बसवल्यावर. तो एकच नग असतो, बदलून द्यायला त्याच्याकडे दुसरा नसतो. ट्रॅक असलेल्या मशीनचीही हीच गत. कॅटरपिलरचा डी-८ म्हटलं की सगळ्यांना एकच डोझर दिसतो, पण सिरियल नंबर १४ए ने सुरू होत असेल तर तो सरळ क्लचचा आणि १५ए ने होत असेल तर टॉर्क कन्व्हर्टरचा. ‘डी-८ चा पार्ट आहे’ एवढ्यावर कुणी शाफ्ट मागवला तर काय होईल, याची कल्पना करा.

तरीही कुणाला हाच रस्ता घ्यायचा असेल, आणि काही वेळा तो घ्यावाच लागतो, तर माझं एकच आर्जव आहे. उठावाच्या नंबरचा फोटो मागू नका. झाकण काढून दाते मोजायला सांगा, आणि पिनियनच्या तोंडावर व क्राऊनच्या बाजूवर कोरलेले आकडे दाखवायला सांगा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने बसवलेले असतात आणि दोन्हींवर जोडीचा एकच नंबर कोरतात. ते दोन नंबर वेगळे निघाले तर नग कितीही चकचकीत असला तरी सोडून द्या. आपल्या बाजूचा रेशो न खोलताही काढता येतो. प्रोपेलर शाफ्ट गिअरबॉक्सच्या बाजूने सोडवा, ॲक्सलचं एक चाक उचला, दुसरं जमिनीवर राहू द्या, आणि उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट जितके फेरे घेईल तो ॲक्सलचा एकूण रेशो. हबमध्ये प्लॅनेटरी असेल तर तीही यात मोजली जाते. हे मला दोन क्रॉस तुटायच्या आधी कुणी सांगायला हवं होतं.

शेवटी मी काय केलं ते सांगतो. माझा जुना डिफरेन्शियल मी भंगारात घातला नव्हता, शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली होता. तो काढला.

आणि इथे मला जे कळलं त्याने माझा तराजू कायमचा झुकला. हाऊसिंगवरचा नंबर फसवतो, पण आत असलेल्या बेअरिंगवरचा नंबर फसवत नाही. टेपर रोलर बेअरिंगचं पेटंट टिमकेनने १८९८ मध्ये घेतलं, आणि अशा जुन्या मशीनमधली बहुतेक टेपर बेअरिंगं आजही त्याच नंबराने मिळतात. कोनचा (आतल्या कड्याचा) नंबर वेगळा, कपचा (बाहेरच्या कड्याचा) वेगळा, दोन्ही कडेवर कोरलेले. रॉकेलने पुसा, भिंग लावा, वाचा. माझ्या ॲक्सलमधली सहाच्या सहा बेअरिंगं मला मशीनचं नावही न सांगता मिळाली. साध्या बॉल बेअरिंगचं तर गणितच सोपं, ६३१० म्हटलं की शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, म्हणजे आतला व्यास ५० मिमी, बाहेरचा ११० आणि जाडी २७. कोणत्याही कंपनीचं घ्या. ऑइल सीलला शाफ्टचा व्यास, घराचा व्यास आणि रुंदी एवढी तीन मापं पुरतात. पिनियनच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर) जुन्या सीलने खाच पाडली होती. तिथे पातळ पत्र्याची स्लीव्ह चढवली, तिची भिंत जेमतेम ०.२८ मिमी असते, त्यामुळे सीलचं माप बदलावं लागत नाही.

हा रस्ता सोपा आहे असं मी म्हणणार नाही. वेळ लागतो. शिम बसवताना माझे पूर्ण तीन दिवस गेले. पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला ताण), मग बॅकलॅश, मग दात्यांना मार्किंग ब्लू लावून डाग कुठे पडतो ते बघणं, एक शिम काढणं, पुन्हा सगळं आवळणं. डाग टाचेकडून (दात्याच्या बाहेरच्या टोकाकडून) दात्याच्या मध्यावर यायला मी अकरा वेळा खोलबंद केली. क्राऊनच्या उडालेल्या कडा हाताने घासून गोल केल्या, म्हणजे तिथून पुढे तडा जाऊ नये. हात सरावाचा नसेल तर जाणत्या माणसाला शेजारी बसवा.

दाते मुळातच गेले असतील तर मात्र हा रस्ता अरुंद होतो. सरळ दात्यांचा गिअर नमुन्यावरून करून मिळतो, पण गिअर कापणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगा. जुने अमेरिकन गिअर डीपीमध्ये (दात्याच्या इंचातल्या मापात) असतात, मोड्यूलमध्ये (मिलिमीटरमधल्या मापात) नाही. पाच डीपी म्हणजे ५.०८ मोड्यूल. त्याच्याकडे पाच मोड्यूलचा हॉब (दाते कापायचं हत्यार) असेल तर तो ‘जवळपास तेच’ म्हणेल, आणि ते जवळपास पहिल्याच आठवड्यात गाऊ लागेल. दाब-कोनही (दात्याच्या बाजूचा तिरकसपणा) बघून घ्या, त्या काळचे कित्येक गिअर २० अंशाचे नसून साडेचौदाचे आहेत. स्पायरल बेव्हलची, म्हणजे क्राऊन-पिनियनसारख्या वळणदार दात्यांची, गोष्ट निराळी. त्याला खास यंत्र लागतं, आणि एका जोडीसाठी ते कुणी सहसा मांडत नाही. क्राऊन-पिनियनचे दाते मुळापासून तुटलेले असतील तर मुकाट्याने खोललेल्या मशीनकडे जा, फक्त दाते मोजून.

प्रोपेलर शाफ्टबद्दल माझं मत त्याहून पक्कं आहे. जुना शाफ्ट शोधत बसूच नये. फ्लँज आणि स्प्लाइन (लांब खाचांचं सरकतं टोक) आपली ठेवा, मधली नळी आणि क्रॉस नवे करून घ्या. क्रॉसच्या टोकांना गोल कप आहेत की बोल्टने आवळायचे पंख, एवढं आधी बघा. पंखांच्या क्रॉसमध्ये जोर बोल्टवर नाही, योकमध्ये बसणाऱ्या चावीवर येतो, म्हणून ती खाच झिजलेली असेल तर नुसता क्रॉस बदलून उपयोग होत नाही. दोन्ही प्रकार ठरलेल्या सिरीजमध्ये मापावरून मिळतात.

डुप्लिकेट मालाबद्दल थोडकंच. सील आणि गॅस्केटला मला कधी त्रास झाला नाही. गिअर आणि शाफ्टला माझा हात अजून होत नाही, पण इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

माझाच डिफरेन्शियल पुन्हा बसवून दोन वर्षं झाली. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की थोडा गुणगुणतो, ते त्या घासलेल्या कडांमुळे असावं. त्यानंतर क्रॉस एकही गेलेला नाही आणि पुढचे टायर मागच्यांसारखेच झिजतायत. तो ४१ ला ७ वाला स्वच्छ नग अजून शेडमध्ये आहे. कुणाच्या मशीनला तो रेशो खरोखर लागत असेल तर मी तो आनंदाने देईन, दाते समोर मोजून.

गेल्या आठवड्यात मागच्या ॲक्सलच्या पिनियन सीलमधून तेल झिरपायला लागलं. शाफ्टला वर-खाली किंचित हालही आहे. या वेळी मी फोटो मागवले नाहीत. फ्लँज काढली, बेअरिंगच्या कडेवरचा नंबर पुसून वाचला, आणि तो वहीत लिहून ठेवलाय.