पॅकेट ट्रेसर: पोरांना नेटवर्किंग शिकवायला फुकटात भारी, पण नुसत्या ह्याच्यावर भागत नाही

अकरावी-बारावीच्या किंवा अगदी नववी-दहावीच्या पोरांना नेटवर्किंग शिकवायचं असेल आणि सिस्कोचं पॅकेट ट्रेसर अजून बघितलं नसेल तर आधी डाउनलोडला लावा आणि ते होईपर्यंत हे वाचा. स्क्रीनवरच खोटे कॉम्प्युटर, स्विच, केबल जोडून नेटवर्क चालवून बघायचं सॉफ्टवेअर आहे हे. फुकट आहे, विंडोज, उबंटू, मॅक तिन्हीवर चालतं, सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या साइटवर खातं तेवढं काढावं लागतं. अकॅडमी १९९७ पासून चालू आहे, म्हणजे कालपरवाचं फॅड नाही हे.

मी तालुक्याच्या गावी ज्युनियर कॉलेजला कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळं हा रिव्ह्यू शिकवणाऱ्याच्या बाजूनं आहे. सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) करणाऱ्यांसाठी यूट्यूबवर ढिगानं पडलेत, ते बघा.

आपल्याकडची गंमत काय आहे, बारावी बायफोकलच्या कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या पेपरात ८०८५ मायक्रोप्रोसेसर, मग मायक्रोकंट्रोलर आणि शेवटी नेटवर्किंग टेक्नॉलॉजी येतं, तोपर्यंत पोरं दमलेली असतात आणि सरही. बस, स्टार, रिंग टोपॉलॉजीच्या (कॉम्प्युटर जोडायच्या रचनांच्या) आकृत्या पट्टी-पेन्सिलनं झकास काढतात, हब आणि स्विचमधला (दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे डबे) फरक पाच मुद्द्यांत लिहून मार्क घेतात, पण लॅबच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या स्विचकडं बोट करून "हे काय रे?" विचारलं की उत्तर येतं, "सर, वायफायचं मशीन."

तर हा हब-स्विचचा फरक पॅकेट ट्रेसरमध्ये एका तासात डोक्यात बसतो. मधोमध हब ठेवायचा, चार पीसी जोडायचे, आयपी (प्रत्येकाचा नेटवर्कवरचा पत्ता) द्यायचे, उजवीकडं खाली सिम्युलेशन मोड आहे तो लावायचा आणि एका पीसीवरनं दुसऱ्याला पिंग ("आहेस का?" अशी चाचणीची हाक) मारायचं. एक छोटं पाकीट निघतं, हबपाशी जातं आणि तिथनं सगळ्यांच्या दारात जाऊन उभं राहतं, ज्याचं नाही तो त्यावर फुली मारतो. मग हब काढून स्विच ठेवायचा आणि तेच परत. पहिल्यांदा स्विचपण सगळीकडं विचारत फिरतो, पण एकदा कोण कुठल्या पोर्टवर (केबल खोचायच्या जागेवर) आहे हे कळलं की पुढची पाकिटं थेट त्याच्याकडंच. मागच्या बाकावरच्या पोरांनी स्वतःहून विचारलं, "सर, म्हणजे हबवर असलं की बाकीच्यांना आपलं दिसणार?" हा प्रश्न पुस्तक वाचून आजवर एकानंही विचारला नव्हता. त्या पाकिटावर क्लिक केलं की ओएसआयचे (नेटवर्कचं काम सात भागांत वाटणारा आराखडा) थर उघडतात, आत येताना काय होतं, बाहेर जाताना काय होतं, सगळं लिहिलेलं. सात थरांची नावं पाठ करून घेण्यात जे वर्ष घालवतो ना आपण, ते हे बघितल्यावर फुकट गेल्यासारखं वाटतं.

अजून एक आवडलेली गोष्ट, बऱ्याचदा पहिलं पिंग फेल जातं. म्हणजे चारातलं पहिलं "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आणि पुढची तीन बरोबर. पोरं लगेच ओरडतात, सर माझं बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, समोरच्याचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डचा स्वतःचा नंबर) माहीत नसतो म्हणून आधी एआरपीनं (आयपीवरनं मॅक शोधायची पद्धत) विचारपूस होते आणि तेवढ्यात पहिल्याची वेळ संपते. परत पिंग मारलं की चारही बरोबर येतात. हे कुणाला सांगू नका आधी, आपटू द्या, मग सिम्युलेशन मोडमध्ये दाखवा.

राउटर (वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडणारा डबा) घेतला की नवी तऱ्हा. सगळे आयपी बरोबर, केबल बरोबर, तरी दोन्ही टोकाला लाल त्रिकोण. कारण सिस्कोच्या राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात, "नो शटडाउन" ही कमांड टाकल्याशिवाय चालू होत नाहीत. जो तो एकदा तरी इथं अडकतोच, आणि एकदा अडकलेला नंतर शेजारच्याला ऐटीत सांगतो, "आधी नो शट मार."

पोरी-पोरांना सगळ्यात जास्त मजा येते ती सर्व्हर ठेवल्यावर. सर्व्हरवर डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) चालू करायचं, डीएनएसमध्ये (नावावरनं आयपी शोधून देणारी सोय) स्वतःच्या नावाची साइट टाकायची, एचटीटीपीमधलं (वेबपानं दाखवणारी सोय) पान बदलून त्यात हवं ते लिहायचं आणि पीसीच्या ब्राउझरमध्ये ते नाव टाकायचं. पान उघडलं की वर्गात दंगा. आणि लगेच दुसरा पाठ, डीएनएस बंद करायला सांगायचं. आता नावानं साइट उघडत नाही पण आयपी टाकला की उघडते. "नेट बंद आहे" आणि "नाव सापडत नाहीये" ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत हे ज्या पोराला कळलं त्याला सपोर्टचं निम्मं काम आलं असं मी मानतो. घरी बसून पिंग ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) मारून बघणारी पोरं तयार झाली तिथनं.

हे झालं कौतुक. आता जिथं कमी पडतं ते.

ह्यातलं जग फार स्वच्छ आहे. केबल निवडली, दोन क्लिक केल्या, लागली. खऱ्या केबलला उंदीर लागतो, कुणीतरी खुर्ची फिरवतं तिच्यावर, आरजे-४५ ची (केबलच्या टोकाचा प्लग) क्लिप मोडलेली असते त्यामुळं जरा धक्का लागला की लिंक जाते. असलं काही स्क्रीनवर दिसत नाही. लूपचंच घ्या, म्हणजे केबल फिरून परत त्याच जागी जोडली जाणं. पॅकेट ट्रेसरमध्ये तीन स्विच त्रिकोणात जोडले तर स्पॅनिंग ट्री ही लूप रोखणारी सोय एक पोर्ट आपोआप अडवून ठेवते, एक त्रिकोण नारिंगी राहतो आणि बाकी सगळं सुरळीत. आपल्या शाळा-कॉलेजात असतो आठ पोर्टचा साधा अनमॅनेज्ड (काही सेटिंग नसलेला) स्विच, त्याला स्पॅनिंग ट्री कशाशी खातात माहीत नाही. त्यात एकाच केबलची दोन्ही टोकं कुणी खोचली की सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागतात आणि अख्ख्या लॅबचं नेट बसतं. मी हे मुद्दाम करून दाखवतो, ऑफिसची लाइन आधी वेगळी काढून ठेवून बरं का, नाहीतर फीची पावती अडकली म्हणून क्लार्क भाऊसाहेब वर येतात.

त्यामुळं सोबत केबल हवीच. टी-५६८-बी चा (केबलमधल्या तारा लावायची ठरलेली पद्धत) क्रम फळ्यावर लिहून ठेवायचा, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, आणि प्रत्येकानं स्वतः एक केबल क्रिम्प करायचीच (टोकाला प्लग दाबून बसवायचा). टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीनं लागले की झालं. एखाद्याचा सात किंवा आठ लागत नाही तरी नेट चालतं, मग ते पोरगं म्हणतं चालतंय की सर. तेव्हा स्पीड बघायला लावायचं. १०० एमबीपीएसला फक्त १, २, ३ आणि ६ ह्या तारा लागतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही, म्हणून तपकिरी तार तुटलेली केबल बहुतेक वेळा गुपचूप १०० वर येते आणि लोक कंपनीला शिव्या घालत बसतात. खरेदीबद्दल सांगायचं तर स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच केबलींत तांबं नसतंच, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. ब्लेडनं तार खरवडा, आतनं पांढरी दिसली तर परत द्या, क्रिम्प करताना तुटते ती. आणि ऑनलाइन स्वस्तातला क्रिम्पिंग किट मागवू नका, आम्हाला आलेला टूल एका बाजूच्या पिना नीट दाबतच नव्हता, शेवटी गावातल्या सीसीटीव्हीवाल्याकडनं चांगला आणला.

दुसरी उणीव म्हणजे माणूस. टेक सपोर्ट म्हणजे निम्मं बोलणं असतं आणि सॉफ्टवेअरमधला पीसी कधी चिडत नाही. म्हणून मी एक खेळ घेतो, दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, एक जण नेट बंद पडलेले काका आणि दुसरा सपोर्टवाला, हातवारे बंद, फक्त फोनवर बोलल्यासारखं बोलायचं. आमच्या एका हुशार पोरानं सुरुवातच केली, "काका, एक काम करा, आयपीकॉन्फिग रिन्यू मारा." काका झालेला म्हणाला, "कुणाला मारू?" वर्ग खाली लोळायचा बाकी. नंतर त्याच्याच जागी आलेल्या मुलीनं विचारलं, "काका, भिंतीवरच्या डब्यावर लाल दिवा आहे का कुठला?" आहे म्हणे, लुकलुकतोय. "त्याच्या खाली काय लिहिलंय?" एल-ओ-एस. संपलं, फायबरचा सिग्नलच येत नाहीये, काकांना कॉम्प्युटरला हात लावायची गरजच नाही, लाइनमन बोलवा. इंग्रजी येणं आणि काकूंना समजेल असं मराठीत विचारता येणं ह्यात दुसरं जास्त अवघड आहे, आणि ते कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. पॅकेट ट्रेसरमध्ये तर सगळं इंग्रजीच.

बारीकसारीक तक्रारी पण आहेत. लॅबला जुनी मशीनं असतील तर ४ जीबी रॅमच्या खाली नाद करू नका. कमांड सगळ्या नाहीत, खऱ्या राउटरवर चालणाऱ्या बऱ्याच इथं चालत नाहीत, पण शाळेच्या पातळीला त्यानं काही अडत नाही. ॲक्टिव्हिटीच्या फाइलमध्ये किती टक्के झालं ते दिसतं, छान सोय आहे, फक्त पोरं १०० टक्के दिसेपर्यंत उगाच इकडंतिकडं क्लिक करत बसतात, तेव्हा तोंडी विचारल्याशिवाय सही देऊ नका.

पाचपैकी चार स्टार माझ्याकडनं. ज्यांना सर्टिफिकेट पाहिजे त्यांच्यासाठी सिस्कोच्याच सीसीएसटी ह्या सुरुवातीच्या पातळीच्या परीक्षा आहेत, त्यात नेटवर्किंगची वेगळी आणि आयटी सपोर्टची वेगळी, पण त्या डॉलरमधल्या फीसाठी घरच्यांच्या मागं लागायची बारावीपर्यंत तरी घाई नको. आयटीआयला जाणार असाल तर तिथं हे हातानं करायला मिळेलच.

आणि मास्तरलोकांसाठी, खाती आदल्या दिवशी घरीच काढून यायला सांगा. प्रॅक्टिकलच्या तासाला काढायला बसलात तर ईमेल असतो वडिलांच्या फोनमध्ये, वडील असतात शेतावर, आणि कोड विचारायला लावलेला फोन लागेपर्यंत घंटा होते.